किलवरच्या राणीचा दुमडलेला कोपरा

मी एक जुनी किलवरची राणी आहे. मित्रांनो, माझा वाकलेला कोपरा बघून हसू नका. नव्या पेठेतून कॅट विकत आणला तेव्हा मी चांगली कडक होते. पिसताना सर्रकन आवाज यायचा. मग माझ्या मालकांच्या, गौसचाचांच्या टेम्पोची काच खडखडू लागली आणि त्यांनी मलाच फटीत खोचलं. चक्क राणीला! काच गप्प झाली, माझा कोपरा मात्र कायमचा दुमडला. तेव्हापासून मी कुणाच्या हातात आहे, हे सगळ्यांना पाठीमागूनही कळतं.

चाचांच्या मुलीला, झीनतला, टेम्पो चालवायचा होता. लायसन होतं, किल्ली मिळत नव्हती.

"चांगली पानं आली तरी तू गप बसतीस. रस्त्यावर काय करशील?" चाचा म्हणायचे. "रविवारी पत्त्यांत मला हरव की. सोमवारची मोडनिंबची खेप तुझी."

आमचा खेळ चिंचोक्यांचा. तीन-तीन पानं, मोठी जोडी जिंकते. डाव वाढवायचा तो एका वेळी एकच चिंचोका टाकून, आणि किती वेळा वाढवायचा त्यालाही मर्यादा. त्या रविवारी झीनत इरेला पेटली. हातात काही नसतानाही वाढवत सुटली. चाचा दर वेळी शांतपणे बरोबरीचा चिंचोका टाकत आणि जिंकत. तिचा ढीग आटत चालला.

पानं वाटणाऱ्या शेजारच्या शकुंतलाकाकूंना राहवलं नाही. "अगं, एका चिंचोक्याला भिऊन कोण पळतंय? वाईट पानं टाकून दे. चांगली आली की मात्र सोडू नकोस."

झीनतनं ऐकलं. वाईट पानं ती मुकाट्यानं टाकू लागली, चांगल्या पानांवर रेटू लागली. ढीग बरोबरीला आला. शेवटच्या डावात मी नेमकी तिच्याच हातात गेले. माझा कोपरा बघून चाचा हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

झीनतनं मला लपवलं नाही. तिनं वाढवला, चाचांनी वाढवला, तिनं पुन्हा वाढवला. मर्यादा संपली.

"परत थापा व्हय?" म्हणत चाचांनी दश्श्यांची जोडी टाकली.

झीनतनं मला खाली ठेवलं आणि माझ्याशेजारी बदामची राणी. माझ्या कोपऱ्यानं चाचांना एकच राणी दाखवली होती. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

सोमवारी मोडनिंबच्या रस्त्यावर काच पुन्हा खडखडली. शेजारी बसलेल्या चाचांनी सवयीनं कॅटमधून मला काढलं.

"अब्बा, राणीला ठेवा. पुठ्ठा लावा की," झीनत समोर बघतच म्हणाली.

चाचांनी निमूटपणे पुठ्ठा फाडला.

मित्रांनो, कोपरा दुमडलेलं पान फेकू नका, फटीतही खोचू नका. त्याला अजून खेळायचं असतं.