‘नाही दुखत’

नव्या डॉक्टरने पोटावर उजवीकडे बोटं दाबली, तसे शिवणबाईंच्या डोळ्यांपुढे काजवेच चमकले.

“दुखतंय का, आजी?”

“छे गं! हात गार आहेत तुझे, एवढंच.”

पोरीचा चेहरा केवढा खुलला! बाईंना बरं वाटलं. जन्मभर त्यांनी मुलींना शिवण शिकवलं होतं. नवख्या हाताला सांभाळून घ्यावं लागतं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. या पोरीला तर वॉर्डात येऊन आठवडाही झाला नव्हता. सुई टोचताना पेशंटआधी हीच डोळे मिटायची! काल बाईंचं पोट दुखायला लागलं, तेव्हा ‘गॅस आहे’ म्हणून तिने गोळी दिली. बाई रात्रभर तळमळल्या, पण हूं की चूं केलं नाही.

तेवढ्यात मोठ्या मॅडम राऊंडला आल्या. शेजारच्या खाटेपाशीच त्यांनी पोरीची चांगली खरडपट्टी काढली, तीही सगळ्यांसमोर. बाईंचा जीव तुटला.

“आणि या आजी?”

“गॅस होता, मॅडम. आता दुखत नाहीये.”

“खरं ना, आजी?”

“अगदी! हिच्या हाताला गुण आहे हो.”

मॅडम पुढे सरकल्या. पोर मात्र जागची हलेना. चादरीबाहेर आलेली बाईंची पावलं ती बघत होती. बोटं आवळून पांढरीफटक पडली होती. बाईंनी घाईघाईने पाय आत ओढले आणि डोळ्यांनीच तिला दटावलं, जा गं मुकाट्याने.

पोरीने मॅडमना हाक मारली.

“मॅडम, माझं चुकलंय. त्यांना दुखतंय. मला बोलणी बसू नयेत म्हणून लपवतायत.”

मॅडम परत आल्या. त्यांनी पोट दाबून हात उचलला मात्र, बाई किंचाळल्याच.

“अपेंडिक्स. फुटायच्या बेतात आहे. आत्ताच्या आत्ता ऑपरेशनला घ्या.” मग पोरीकडे वळून त्या म्हणाल्या, “हे कालच कळायला हवं होतं.”

“हो, मॅडम.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण लाड करायला गेलो आणि पोरीच्या माथी केवढं पाप येत होतं!

स्ट्रेचरवर घेताना त्यांनी विचारलं, “मला कापणार कोण? ही?”

“नाही हो, मी स्वतः. ती नुसती बघेल.”

बाईंनी पोरीचा गार हात घट्ट धरला.

“मग हिला पुढे उभी करा, मॅडम. मागून काय डोंबल दिसणार?”