मिटलेला डावा डोळा

फळी सरळ आहे का हे बघायचं असलं की आमचे हे डावा डोळा मिटतात, उजवा फळीच्या कडेला लावतात आणि निकाल देऊन मोकळे होतात. मी पॉलिशचं काम करते. एकतीस वर्षं शेजारी उभी आहे, पण माझ्या दोरीवर ह्यांचा काडीचा विश्वास नाही. मी फळीच्या कडेला दोरी ताणायला लागले की म्हणायचे, देवानं डोळा काय शोभेला दिलाय? देवानं दोन दिलेत, एवढं मात्र विसरून गेले होते.

गुरुवारी दुपारी ह्यांनी डोळा चोळायला सुरुवात केली. भुसा गेलाय म्हणाले. सुताराच्या डोळ्यात भुसा जायचाच, म्हणून मी पाण्याचं भांडं पुढे केलं आणि कामाला लागले. तीनदा धुऊनही काळे कण तसेच राहिले. नजर फिरवली की कणही पळतात, असं स्वतःच सांगत होते. भुसा पळत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्याचा अजून राग येतो, स्वतःचाच.

शुक्रवारी सकाळी शाळेचं मोठं दार कामाला घेतलं होतं. सोमवारी बसवायचं होतं. रंधा मारता मारता हे करवादले, की शेजारचा वेल्डिंगवाला आडोसा न लावता काम करतोय, डोळ्याच्या कोपऱ्यात सारखी चमक येते. त्याला चांगलं सुनवावं म्हणून मी तावातावानं बाहेर गेले. त्याचं शटर खाली होतं. बाहेर चिठ्ठी होती, दुकान बुधवारपासून बंद.

म्हणजे चमक ह्यांच्या डोळ्यातच होती. आत येऊन मी एक फळी ह्यांच्या पुढे धरली आणि आज उजवा डोळा मिटून डाव्यानं बघा, असं सांगितलं. हे काय नवीन खूळ, म्हणून कुरकुरले, पण बघितलं. फळी जवळ घेतली, मग लांब धरली.

"ही खालून कापलीस का?"

फळी अख्खी होती. नाकाच्या बाजूनं काळा पडदा खालून वर येतोय असं दिसत होतं म्हणे. कधीपासून, ते सांगता येईना. तो डोळा ह्यांनी कधी एकटा वापरलाच नव्हता.

डोळ्यांच्या हॉस्पिटलला फोन लावला. तिथल्या बाईंनी आधी पुढच्या गुरुवारची वेळ दिली. मी म्हटलं, काल काळे कण, आज चमक आणि आत्ता एका डोळ्यापुढे पडदा. त्यांचा आवाजच बदलला. दुखतंय का विचारलं आणि दुखत नसलं तरी आत्ताच्या आत्ता निघा, गाडी त्यांना चालवू देऊ नका, असं बजावलं.

ह्यांचं पालुपद एकच. दुखत तर नाही ना, मग सोमवारी दार बसवून जाऊ. शब्द दिलाय. मी मेन स्विच बंद केला आणि ह्यांच्या हातातला रंधा काढून घेतला.

"शाळा आठ दिवस जुन्या दारावर काढेल. तुम्ही जन्मभर एका डोळ्यावर काढणार आहात का?"

एवढं बोलताना माझा आवाज फाटला. तो ऐकून हे मुकाट्यानं चपला घालायला लागले.

डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून बराच वेळ तपासलं. डोळ्याच्या आतला पडदा फाटून मागच्या भिंतीपासून सुटत चालला होता. मधला भाग, ज्यानं आपण वाचतो, माणसाचा चेहरा ओळखतो, तो अजून चिकटून होता. त्या म्हणाल्या, तो सोमवारपर्यंत टिकला असता अशी खात्री मी देऊ शकत नाही.

"प्लायचा पापुद्रा सुटतो तसं?" ह्यांनी विचारलं.

"अगदी तसं."

कड उचललेला पापुद्रा लगेच दाबला नाही तर काय होतं, हे ह्यांना कोणी शिकवायला नको. कागदावर लगेच सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. मग आठवडाभर, डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून, मान खाली घालून पडून राहायचं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांनी माझ्यापुढे एवढी मान खाली घातली, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. ह्यांना हसायचीही चोरी होती.

दोन महिन्यांनी दुकान उघडलं. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, की सरळ रेघ कदाचित वाकडी दिसेल. मी नवी कोरी फळी ह्यांच्या हातात दिली, स्वतः निवडून आणलेली. उजव्या डोळ्यावर माझा तळहात ठेवला.

"मध्ये बाक आहे," हे म्हणाले. "डावीकडे."

मी दोरी आणली, फळीच्या दोन्ही टोकांना खिळ्याला बांधून घट्ट ताणली.

मध्ये, डावीकडे, दोरी आणि फळी यांच्यातून माझी करंगळी आरपार गेली.

मी तिथेच भुशात बसले आणि रडले. हे वरून बघत होते, दोन्ही डोळ्यांनी.

"रडतेस काय? फळी बदलून आण," हे म्हणाले.