बदली जाणार म्हणे

मी बदली बोलतोय. पण माझ्याबद्दलची बातमी आधी बाहेरूनच माझ्या कानावर आली.

"बदलीचं नक्की झालंय म्हणे. परीक्षा आटोपली की..." शिपाईमामा दारात एवढंच बोलले आणि घंटा झाली. पुढचं सगळं पोरांच्या गोंगाटात बुडालं. ऑफिसातल्या भाऊंचं "अरेरे!" मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.

म्हणजे आता मी भंगारात जाणार. आमच्या शाळेत बदली म्हणजे मी.

मी शाळेचा लॅपटॉप. कुणाचा लॅपटॉप दुरुस्तीला आला की तेवढ्यापुरता मला देतात, म्हणून कुणीतरी माझ्या पाठीवर जाड पेनाने 'बदली' लिहिलं आणि तेच नाव पडलं. कारखान्यातून भावंडांबरोबर मोठ्या दिमाखात आलो होतो. पण आल्या आल्या जिन्यावरून गडगडलो, कोपरा चेपला, आणि कायमचं असं एकही दप्तर माझ्या वाट्याला आलं नाही.

वाईट वाटतंच. पण त्यापायी मला घरं बघायला मिळाली, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याची भारी हौस. माणसं माझ्यासमोर खुशाल भांडतात. "अभ्यास कर" म्हणणारे बाबा मुलगी झोपली की स्वतःच मॅच लावून बसतात. एका आजीने तर मी तापलोय म्हणून माझ्याखाली ओला रुमाल घातला होता. जिवावर बेतलं होतं, पण माया कळली.

आमच्या संगणक-खोलीच्या बाईंना पोरं 'रिस्टार्टबाई' म्हणतात. कुणीही रडत आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "बंद करून चालू केलंस का?" त्यांनी खोलीबाहेर मदतीचं टेबल मांडलं होतं. तिथे मुलंच मुलांना मदत करायची, शिक्षकांनासुद्धा. नियम एकच. मदत करणाऱ्याने हात पाठीमागे बांधायचे आणि तोंडाने सांगायचं. बाई म्हणायच्या, "तुम्ही बटण दाबलंत तर काम होईल, पण समोरचा तसाच कोरा राहील."

नियम सोन्यासारखा. फक्त स्क्रूला तो जाचत होता.

स्क्रू सातवीतली मुलगी. खिशात कायम छोटा स्क्रूड्रायव्हर, म्हणून हे नाव. हात असे, की बिघाड तिला बघूनच सरळ व्हावा. पण बोलताना अडखळायची. तिला टेबलावर बसायचं होतं, आणि बाईंनी सांगितलं होतं, "एकदा कुणाला तरी हात न लावता मदत करून दाखव. सगळ्यांना हाच नियम आहे, तुलाही."

तिच्या लॅपटॉपची काच फुटली आणि मी तिच्या घरी गेलो. ती मावशीजवळ राहायची. मावशी शिवणकाम करायची. स्क्रू हात मागे बांधून उभी राहायची आणि मावशीला बाहीचा नमुना शोधायला शिकवायची.

"आता त्या फो... फो..."

"फोन? फोटो? अगं, तूच कर ना पटकन! मला ढीगभर काम पडलंय."

"मावशी, माझा शब्द म... मला संपवू दे ना."

मावशी ओशाळली. मग दातांत सुई धरून बसू लागली, म्हणजे मध्ये बोलता येऊ नये.

परीक्षेच्या तोंडावर इतिहासाच्या सरांच्या वर्गात मला भिंतीवरच्या प्रोजेक्टरच्या डबीला केबलने जोडलं. सरांचं आणि प्रोजेक्टरचं जुनं वैर. भिंतीवर नुसता निळा चौकोन. "याने माझ्यावर डूख धरलाय," सर म्हणाले. बाईंनी स्क्रूला पाठवलं आणि स्वतः दारात थांबल्या.

स्क्रूने हात मागे बांधले. चूक तिला आत येतानाच दिसली होती. केबल चुकीच्या खाचेत होती.

"सर, ती ब... ब..."

"बंद करू? हो, हो!" सरांनी उत्साहाने माझं बटण दाबलं आणि मी गप्पकन मिटलो.

मिटलेलो असतानाचं मागाहून पोरांच्या तोंडून ऐकलं. वर्ग खो-खो हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "ब ब बंद!" आणि मला पुन्हा जागं व्हायचं म्हणजे काय थोडका वेळ! स्क्रूने मागचे हात आणखी घट्ट धरले. एक पाऊल, केबल उपटून बाजूला खोचली की संपलं. पण मग टेबलही संपलं. तिने दाराकडे पाहिलं. मी डोळे उघडेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"ब... बंद नाही सर," ती म्हणाली. "ब..."

सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी स्वतःचेही हात मागे बांधले. वर्ग हळूहळू शांत झाला.

"बा... बाजूच्या खाचेत. केबल."

सरांनी स्वतः केबल काढली, स्वतः लावली. भिंतीवर नकाशा उमटला.

मधल्या सुट्टीत स्क्रूने बाईंना गाठलं. बातमी तिच्याही कानावर गेली होती. "ब... बदलीला भंगारात देणार?"

"याला? नाही गं. बदली माझी झालीये."

स्क्रू बराच वेळ अडली. बाई थांबल्या.

"जा... जाऊ नका."

"जावं लागतं, बाळ. उद्यापासून टेबलावर बस."

बाई गेल्या तेव्हा माझं झाकण त्यांनी हलकेच पुसलं. नवं कुणी अजून आलेलं नाही. टेबल मात्र मांडलं जातं, स्क्रू मांडते. बोलताना ती अजून अडखळते. ते कुठे जाणार? घाईची माणसं तिच्या तोंडात शब्द कोंबतात, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. माझी एवढीच विनवणी आहे, समोरचा अडला तर तेवढं थांबा. शब्द त्याचा आहे.

परवा माझी बॅटरी फुगली. स्क्रूने ती सांभाळून काढून ठेवली. आता भिंतीतली वायर लावली तरच मी जिवंत. त्यामुळे मी टेबलावरच असतो, कुणाच्या घरी जात नाही. मामांची बातमी माझ्यापुरती खोटी ठरली, असं भाऊ म्हणतात. मी त्यांना काय सांगू, घरोघर फिरणारा बदली तर गेलाच!