पांढऱ्या उजेडाचा पहारा

आहो, वर बघा की! मी खांबावरचा फोकस दिवा बोलतोय. पिवळा न्हाई, पांढराशुभ्र. माझ्या उजेडात म्हातारीनं सुईत दोरा ओवावा. फक्त झोप तेवढी मागू नका.

ताडकळसच्या बाजारातून मला आसारामनं आणलं. गरजच तशी होती. त्यांच्या गावच्या सप्त्यात वीणा खाली ठेवायची नसते. रात्रंदिवस कुणाच्या तरी गळ्यात पाहिजे. पहाटे दोन ते चारचा पहारा आसारामच्या घराण्याचा, आज्यापासूनचा. पण मला आणायच्या आदल्या साली देवळापुढच्या पिवळ्या बल्बाखाली त्याला उभ्याउभ्या डुलकी लागली अन् वीणा टेकली भुईला. गाव लय हसलं. सप्त्याचे कारभारी दत्तराव म्हणले, "पुन्हा टेकली, तर पहारा आमच्या घरी."

"त्या पिवळ्या उजेडानंच घात केला," म्हणत आसारामनं मला खांबावर चढवलं.

पहिल्याच रात्री त्याचे डोळे असे टक्क उघडे, की विचारू नका! पहारा चोख झाला. मी फुगलो. पण त्याचं घर देवळासमोरच. पहारा संपवून तो अंगणात बाजेवर पडला, तर मी तिथंबी हजर. झोपतोय कसला! तिसऱ्या रात्री कोंबडे बाराला आरवले, अन् शेजारच्या धुरपताबाई पहाटेच्या काकड्याला रात्री एक वाजताच आल्या.

आसारामची बायको दैवशाला तोंडावर पदर घेऊन म्हणली, "आवो, त्यो दिवा बंद करा. सगळं गाव जागायलंय."

"मंग? जागायलाच आणलाय!" आसाराम म्हणला. डोळे मात्र मिरची लागल्यागत लाल.

शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. भर दिवस, मी बंद. काल्याला वीणा धरायचा मानबी त्याच घराण्याचा, म्हणून ती आसारामच्या गळ्यात. समोर सगळा गाव पेंगायलेला. महाराजांनीच अभंगात दोन जांभया दिल्या. तेवढ्यात आसारामचे गुडघे वाकले. "आरं, माझं बटन दाबा!" मी ओरडलो. पण बंद दिव्याचं कोण ऐकतंय? वीणा घसरली. भुई दोन बोटं राहिली असताना दैवशालानं झेप घेऊन ती झेलली, गळ्यात घातली अन् आसारामच्या जागी उभी राहिली.

माझा जीव भांड्यात पडला. आता दत्तराव काय म्हणतात, म्हणून आसारामनं घाबरत तिकडं बघितलं.

दत्तराव खांबाला टेकून घोरायले होते.

दुसऱ्या दिवशी दैवशालानं मला खाली उतरवलं. आता मी चुडाव्याच्या वाटेवर, फाट्याच्या वळणावर असतो. इथं गाडीवाल्यांना जागं ठेवायचं काम हाय, ते मी इमानानं करतो. देवळापुढं पुन्हा पिवळा बल्ब आलाय. यंदाच्या सप्त्यात दोन ते चारचा पहारा दैवशालानं केला. आसाराम समोरच बाजेवर गाढ झोपला होता म्हणे.

तवा बाबांनो, माझ्याखालून जाताना डोळे उघडे ठेवा. अन् मी आवडलो, तरी मला अंगणात नेऊ नका.