आत्याबाईचा अबोला

टाचणी हे नाव तिला एका संगीतकाराने ठेवलं. ती तेव्हा सिनेमाची गाणी लिहायला नुकतीच लागली होती. चालीत बसत नाही म्हणून त्याने तिचा एक शब्द बदलला, तर सगळ्या वादकांसमोर तिने विचारलं, "मग तुमचा एक सूर मी बदलू का?" गाणं तिच्याच शब्दांत झालं, पुढचं काम मात्र आलं नाही. मग ती रेडिओकडे वळली आणि रविवार सकाळची विनोदी मालिका लिहू लागली.

मालिकेत एक तोंडाळ आत्याबाई होती. ते काम करणारी नटी इतकी फर्डी, की भाजीवालेसुद्धा तिला आत्याबाईच म्हणत. मालिका ऐन भरात असताना तिला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण जीभ जड झाली.

केंद्रावरच्या साहेबांनी टाचणीला बोलावलं. "दुसरी बाई बघितलीय. आवाज हुबेहूब. कुणाला पत्ता लागणार नाही."

"आत्याबाईंना लागेल ना."

"अहो, न बोलणारं पात्र रेडिओवर? ना दिसणार, ना ऐकू येणार!"

"ते मी बघते. त्या जाणार असतील तर मीही चालले."

साहेबांनी एक भाग दिला. तो पडला तर दोघी घरी.

टाचणी थेट आत्याबाईंच्या उशाशी जाऊन बसली. "काय काय जमतंय?"

"हं," आत्याबाई कशाबशा म्हणाल्या. मग स्वतःवरच चिडून, "हं!"

टाचणी खुदकन हसली. आत्याबाईंची लेक भडकली. "माझ्या आईची चेष्टा करताय?"

"चेष्टा नाही गं, त्यांचं काम लिहितेय. आत्याबाई, समजा मालिकेतला जावई आणखी महिनाभर राहणार म्हणतोय. आता 'हं' म्हणा."

"हंऽऽ."

लेक डोळे पुसता पुसता हसायला लागली.

त्या भागात आत्याबाईने घरच्यांशी अबोला धरला. ती नुसतं "हं" म्हणायची. तिला सगळं कळलंय या धास्तीने एकेक जण आपली लबाडी आपणहून ओकायचा. रेकॉर्डिंगला भाच्याचं काम करणारा नट हसून हसून वाक्यच विसरला. काचेपलीकडे साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. अभिनंदन त्यांनी केलं नाही, पण पुढच्या भागाची तारीख सांगितली.

अबोला गाजला, तसा एक निर्माता घरी आला. मालिकेवर सिनेमा, सगळी गाणी टाचणीची; फक्त आत्याबाई म्हणून एक नामांकित नटी. "हं काय, कुणीही म्हणेल."

"मग ते लिहूनही कुणीही देईल," टाचणी म्हणाली.

तो गेल्यावर नवरा कळवळला, "अगं, गाणी तरी घ्यायचीस!"

"गाण्यांच्या बदल्यात माणूस द्यायचं? नाही जमणार."

सिनेमाची दारं बराच काळ बंद राहिली. तिने दंतमंजनाच्या जाहिरातींची गाणी लिहिली. तीही पोरांच्या तोंडी बसली.

पुढे लेकीची बदली झाली आणि आत्याबाई तिच्याबरोबर दुसऱ्या गावी गेल्या. साहेब म्हणाले, "आता तरी दुसरी बाई घेऊ?"

टाचणीने शेवटचा भाग लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यात आत्याबाई राहतं घर विकून सगळ्या गोतावळ्याला रस्त्यावर काढते.

"आता कुणालाही घ्या," ती साहेबांना म्हणाली, "राहायला घरच ठेवलं नाही मी."