कडी

शिडीवर उभे राहून सैकालने प्रोजेक्टरचे भिंग फिरवले आणि भिंतीवरचा पतंग स्पष्ट झाला. माणसाच्या उंचीचा. पंखांवर पिठाचे कण. तो दिव्याभोवती घिरट्या घालत होता, काचेवर आदळत होता, पुन्हा घिरट्या घेत होता.

खाली खुर्चीत तिची आई, तिची आपा, बसली होती. आत-बाशी गावाहून दिवसभर गाडीत बसून ती बिश्केकला आली होती आणि अंगातला कोट तिने अजून उतरवला नव्हता. प्रदर्शनाचे उद्घाटन उद्या होते. तिला मात्र आजच बघायचे होते.

"हे पाखरू बाहेर कधी जातं गं?" आईने विचारले.

"जात नाही, आपा. संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं."

"दिवसभर?"

"दालन उघडं असेपर्यंत."

प्रदर्शनाची व्यवस्था बघणारी गालिना भिंतीवर नावाची पाटी चिकटवत होती. ती हसली. "पोरीनं पाखराला बिनपगारी राबायला लावलंय, तुर्सुन-आपा!"

आई हसली नाही. रुमालाच्या टोकाला ती पीळ देत राहिली.

चित्रण मेदेरच्या चाळिसाव्याच्या संध्याकाळचे होते. घाटात ट्रक कोसळून सैकालचा भाऊ गेला, त्याला चाळीस दिवस झाले होते. बायका कणकेचे छोटे तुकडे, बोरसोक, तळत होत्या. तेलाचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोहोचतो आणि तो पाखरू होऊन घरी येतो, असे मानतात. तेवढ्यात पतंग आला. आईने परातीतले चिमूटभर पीठ त्याच्यावर टाकले आणि ती म्हणाली, "आलास होय रे." सैकालने कॅमेरा चालू करून फळीवर ठेवला आणि ती पाहुण्यांना चहा द्यायला गेली.

"म्हणजे पुढचंही असेल तुझ्याकडे," आई म्हणाली.

"कसलं पुढचं?"

"पाखरू गेलं ते." आईने आवाज खाली आणला. "पीठ टाकल्यावर खिडकी उघडायची असते. मी उघडली नाही. म्हटलं, एक रात्र राहू दे माझ्याजवळ. बसल्या बसल्या डोळा लागला. सकाळी बघते तर नव्हतं. कोणी तरी दार उघडलं असेल, नाही? तुझ्या यंत्रानं बघितलं असेल."

सैकालने शिडीची कड घट्ट धरली. चित्रणाच्या शेवटी आईचा हात येत होता, खिडकीची कडी लावणारा. त्यानंतर काळोख. तेवढा भाग सैकालनेच चित्रणातून कापून टाकला होता.

'गेलं, आपा, दारातून गेलं,' एवढे म्हणणे सोपे होते. आई तिच्याकडे मान वर करून बघत होती.

"बॅटरी संपली होती," सैकाल म्हणाली. "पुढचं काहीच नाही माझ्याकडे."

"मग ते अजून आतच आहे."

आई उठली. भिंतीपाशी जाऊन तिने एकदा पंखांकडे पाहिले. तिच्या कोटावरही पंख फडफडले. मग ती खिडकीवरच्या काळ्या पडद्यामागे शिरली. लोखंड करकरले.

"अहो, उजेड येईल!" गालिना ओरडली. "चित्र फिकं पडेल सगळं!"

सैकाल शिडीवरून उतरली. कडीवर रंगाचे थर चढले होते. दोघींनी मिळून ओढल्यावर ती निघाली. थंड वारा आत आला आणि पडदा फुगला. संध्याकाळच्या उजेडात भिंतीवरचा पतंग जवळजवळ दिसेनासा झाला, पण घिरट्या घालतच होता.

सैकाल पुन्हा वर चढली. पतंग खिडकीच्या बाजूला येईपर्यंत ती थांबली आणि तिने प्रोजेक्टर बंद केला.

भिंत कोरी झाली. गालिनाने दोघींकडे आळीपाळीने पाहिले.

"उद्या काय करायचं?"

"उद्याही दाखवायचं," सैकाल म्हणाली. "फक्त बंद करायच्या आधी खिडकी उघडायची. रोज."

आई खिडकीपाशीच उभी होती. बऱ्याच वेळाने तिने कोटाचे वरचे बटण काढले.