कुलूपताईने लावलेलं कुलूप

ऑफिसात तिला सगळे कुलूपताई म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं. वकिलांच्या त्या कचेरीतले एकशेवीस डेस्कटॉप, लॅपटॉप आणि फोन तिनं एकटीनं एन्क्रिप्ट केले होते. म्हणजे डिस्कवरचं अक्षर न् अक्षर असं गुंतवून ठेवलं होतं, की पासवर्डशिवाय ते ब्रह्मदेवाच्या बापालाही वाचता येऊ नये. एक वकीलसाहेब टॅक्सीत लॅपटॉप विसरले आणि अशिलांचं एक पानही बाहेर फुटलं नाही, तेव्हापासून तर बाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते.

मग काय, मार्चमध्ये माहेरी गेली आणि तेच शहाणपण तिनं बाबांपुढं पाजळलं. नकाशे काढण्यात उभं आयुष्य गेलेला हा माणूस, आई गेल्यापासून एकटा राहणारा. त्यांच्या कीबोर्डखाली पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली होती.

"चिठ्ठी? अहो बाबा, चोराला चहाही ठेवा की!" असं म्हणून तिनं शेजारच्या काकांसमोर ती टराटरा फाडली. बाबा ओशाळून हसले.

दुपारभर बसून तिनं डेस्कटॉपची सगळी डिस्क एन्क्रिप्ट केली. मशीन सुरू करताना एकदा लांबलचक पासवर्ड विचारणार, आणि तो विसरला तर उपयोगी पडणारी अठ्ठेचाळीस आकड्यांची रिकव्हरी की वेगळी. दोन्ही तिनं बाबांच्या फोनमध्ये नोंदवून ठेवले. फोनचा चार आकडी पिन सहा आकडी केला आणि ऑफिसातला नियम इथंही लावला: दहा वेळा पिन चुकला, की फोन आपोआप सगळं पुसून टाकणार. ऑनलाइन बॅकअप बंद. रिकव्हरी कीची एक प्रत छापून कपाटात ठेवायची, हे ऑफिसात ती सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडते. पण प्रिंटरची शाई संपली होती आणि बस सुटायला आली होती. पुढच्या वेळी करू, म्हणाली आणि निघाली.

आता जुलैतल्या एका रविवारी बाबांचा फोन आला. "मशीन पासवर्ड मागतंय गं. जमलं तर ये."

ती आली, मशीनपुढं बसली आणि म्हणाली, "फोन द्या, त्यात आहे सगळं."

बाबांनी फोन दिला. दुकानातून कालच आणल्यासारखा कोरा. मे महिन्यात बाबा आठवडाभर तापानं फणफणले होते. उठल्यावर ते सहा आकडे काही केल्या आठवेनात. लग्नाची तारीख, तिचा वाढदिवस, घराचा नंबर, सगळं लावून पाहिलं. दहाव्यांदा चुकलं आणि फोन पुसला गेला. दुकानदारानं तो नव्यानं चालू करून दिला होता.

कुलूपताईच्या तोंडचं पाणी पळालं. कारण त्या डेस्कटॉपवर आईचा आवाज होता. शेवटच्या आजारपणात आई पडल्या पडल्या आपल्या फोनमध्ये बोलून ठेवायची. बेचाळीस रेकॉर्डिंग्ज. बाबांनी ती डेस्कटॉपवर उतरवून घेतली होती आणि दर रविवारी एकच, पुरवून पुरवून ऐकत होते. अजून सोळा ऐकायची राहिली होती. आईचा तो जुना फोन? तो हिनंच नियमाप्रमाणे पुसून भंगारात दिला होता.

आणि हिनं एकही ऐकलं नव्हतं. बाबा दर वेळी म्हणायचे, "बस जरा, एक तरी ऐक." ही म्हणायची, "ऐकते हो सावकाश, कुठं पळून जातंय?" खरं तर ऐकायची छातीच होत नव्हती.

दिवस कलेपर्यंत ती पासवर्ड लावत बसली. तो स्वतःच रचलेला होता, पण सोपा कशाला रचेल ती! चार महिन्यांपूर्वीची तिची हुशारी आता तिलाच दाद देईना. शेवटी तिनं हात टेकले. इतकं पक्कं काम तिनं आजवर कुणाचंच केलं नव्हतं, आणि या विचारानं तिला स्वतःची शिसारी आली.

"पण बाबा," ती एकदम म्हणाली, "फोन मे महिन्यात पुसला गेला. मग मशीननं पासवर्ड आत्ता कसा मागितला?"

"तेव्हा मशीन चालूच होतं ना. बंद केलं तर परत उघडायचं नाही, एवढं मला कळत होतं. म्हणून बंदच केलं नाही. महिनाभर तसंच चालू ठेवलं."

"चालू होतं?" तिचा आवाज चिरकला. चालू मशीनवर सगळं उघडं असतं. एक साधा पेनड्राइव्ह लावला असता, तर दहा मिनिटांत बेचाळीसच्या बेचाळीस रेकॉर्डिंग्ज उतरली असती. "अहो, मग मला का नाही सांगितलंत?"

बाबा चष्मा पुसत राहिले. "पिन विसरलो म्हटलं असतं तर तू रागावली असतीस. म्हटलं, आठवेल हळूहळू." मग तिला वाईट वाटू नये अशा बेतानं ते म्हणाले, "जूनमध्ये तुझा फोन आला होता बघ. पंख्याची घरघर कसली म्हणून तू विचारलंस. मी म्हटलं, मशीन रात्रंदिवस चालू असतं."

तिला आठवलं. मीटिंगला जायच्या घाईत होती ती. काय म्हणालो आपण, तेही शब्दन्‌शब्द आठवलं, आणि बाबांनी ते बोलू नये असं तिला फार वाटलं.

"तू म्हणालीस, बाबा, म्हणजे दार सताड उघडं टाकलंत की! आत्ताच्या आत्ता बंद करा, मी फोनवर थांबते."

"आणि तुम्ही केलंत."

"केलं," बाबा म्हणाले. "तू फोनवर असतानाच केलं की. तू शाबासही म्हणालीस."